चौथा बाजार

तंबाखू जाळून केलेलं काळं मंजन मी साडेतीन वर्षं विकलं. स्वतःच्या दातांना ते एकदाच लावलं. ते एकदा कसं लावलं हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. गडचिरोली जिल्हा नुकताच चंद्रपुरातून वेगळा झाला होता आणि मी नुकताच बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात दुसऱ्यांदा नापास झालो होतो. आमचं घर नागभीडला. वडील रेल्वेच्या रुळांवर कामाला होते आणि थोडं धानाचं शेत होतं. दर पौर्णिमेला ते आम्हा पाचही भावंडांना विहारात न्यायचे आणि पंचशील म्हणवून घ्यायचे. पाचवं शील आलं, नशेपासून दूर राहण्याचं, की ते मुद्दाम माझ्याकडे बघायचे. माझ्या काकाला दारूनं खाल्लं होतं आणि मी तोंडावळ्यानं काकावर गेलो होतो. नशेच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही, असं मी त्यांना कबूल केलं होतं. नापास झाल्यावर चंद्रपूरला जाऊन नोकरी धरली आणि घरी कळवलं, मंजनाच्या कारखान्यात लागलो. त्यात खोटं काहीच नव्हतं.

कारखाना म्हणजे शेठच्या घरामागचं टिनाचं शेड. तिथं चार बाया तोंडाला पदर बांधून लोखंडी कढईत तंबाखू काळी होईपर्यंत भाजायच्या, मग ती कुटायची, चाळायची, तीत थोडं मीठ आणि कापूर घालायचा की झालं मंजन. त्याचा वास कपड्यांत असा बसायचा की तीन धुण्यांनी जात नसे. शेठ मात्र रोज सकाळी कडुलिंबाची काडी चावत शेडमध्ये यायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "सेठजी, आपलं मंजन नाही लावत?" ते हसले. म्हणाले, "हलवाई आपली मिठाई खातो काय रे?" मला तेव्हा ते उत्तर फार हुशारीचं वाटलं. मीही तेच धोरण ठरवून टाकलं: विकायचं, लावायचं नाही. वडलांना दिलेला शब्द राहिला आणि नोकरीही राहिली.

शेठनं मला एटापल्लीचा भाग दिला, कारण तो दुसऱ्या कोणाला नको होता. आलापल्लीपर्यंत एसटीत माणूस माणसासारखा बसून जायचा, पुढचा रस्ता एकेक हाड तपासून घ्यायचा. गावात मला ओळखणारं कोणी नव्हतं. सरकारी नोकर बदलीच्या ऑर्डरकडे डोळे लावून बसलेले आणि त्यांची बैठक आपसातलीच. जंगलातून आठवडी बाजाराला येणारे लोक माडिया बोलायचे, त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. दुकानदार बोलायचे ते मालाच्या भावापुरतं. पहिल्या दोन महिन्यांत असे कितीतरी दिवस गेले, की संध्याकाळी खोलीवर आल्यावर लक्षात यायचं, आज 'मंजन घ्या, मंजन' याशिवाय तोंडातून दुसरा शब्द निघाला नाही. मग कंदिलाची काच पुसता पुसता मी स्वतःशीच मोठ्यानं बोलायचो. काय बोलायचो ते आता आठवत नाही. पाच भावंडांत एका चादरीत झोपलेला माणूस होतो मी, मला एकटं राहायचं कसं ते येतच नव्हतं.

खोली एका बाईकडे घेतली होती. पन्नाशी उलटलेली, नवरा वारलेला, एकुलती मुलगी तिकडे सिरोंच्याकडे दिलेली. मुलगी क्वचितच यायची. त्याबद्दल बाई एवढंच म्हणायची, "तिलेही घर आहे." बाईची जीभ मात्र धारदार. पहिल्याच दिवशी माझ्या पिशवीत डोकावून म्हणाली, "हे कोळसं विकाले इतक्या लांबून आला? आमच्या चुली विझल्या का?" ती स्वतः धानाचा तूस जाळून त्या राखेनं दात घासायची, आणि तिचे दात माझ्या दातांपेक्षा पक्के होते. उसाचं कांडं ती बोलता बोलता सोलायची.

तिच्या अंगणाचा एक रिवाज होता. कोणीही आलं की आधी पायावर पाणी, मग बसायला चटई, मग प्रश्न, "जेवला का?" उत्तर काहीही द्या, समोर काहीतरी यायचंच. भात असला तर भात, नसला तर आंबील, तेही नसलं तर मूठभर भाजलेली मोहफुलं. नको म्हणायची सोय नव्हती. एकदा पोस्टमननं घाईत हात हलवून नको म्हटलं आणि तो सायकलवर बसला. बाई पुढं दोन महिने त्याच्याशी बोलली नाही. पत्र हातात घ्यायची आणि पाठ फिरवायची.

मी तर तिथं राहायलाच होतो, तरी ती मला रोज विचारायची. संध्याकाळी मी पिशवी घेऊन कवाडातून आत शिरलो की चुलीपाशून हाक यायची, "जेवला का बाबू?" मी कुठं जेवलो असणार? ते तिलाही ठाऊक असायचं. तरी ती विचारायची आणि मी "नाही बाई" म्हणायचो आणि मग ती म्हणायची, "मंग बस. कोचईची भाजी आहे, नाक मुरडू नको." त्या मुलखात माझं म्हणून जे काही होतं, ते हे तीन शब्द होते. दिवसभर मी त्यांच्यासाठीच चालत होतो म्हटलं तरी चालेल.

मंजन मात्र खपत नव्हतं. विकणं जमत नसलं की माणूस नुसता बघत बसतो, तसा मी बाजाराच्या कडेला बसून लोकांना बघायचो. बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. माणसाचं एक काम संपतं आणि दुसरं सुरू व्हायचं असतं, त्या मधल्या वेळात त्याच्या हाताला चैन पडत नाही. बाई अंगण झाडून झाडणी ठेवते आणि चुलीवरचं पाणी अजून गरम व्हायचं असतं. माणूस डोक्यावरचं ओझं उतरवून बसतो आणि गिऱ्हाईक अजून आलेलं नसतं. तेव्हा हात काहीतरी शोधतो. गवताची काडी, कानातली बाळी, काहीही. त्या हातात आपली पुडी असली पाहिजे, असं मला वाटलं. मला कोणी शिकवलं नव्हतं. नापास झालेल्या माणसाला आपण हुशार आहोत हे कुणाला तरी दाखवायचं असतं, तेवढीच माझी तयारी.

आमची डबी होती टिनाची. चांगली दीड महिना पुरायची. लोक ती घेऊन आढ्याला खोचायचे आणि विसरून जायचे. मी चंद्रपूरला गेलो आणि शेठला म्हटलं, डबी बंद करा. काडीपेटीत मावेल एवढी कागदी पुडी करा, जी एका बाजाराला घेतली की पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी संपेल. दुसरं म्हणजे, लोकांना 'दात घासा' असं सांगायचंच नाही. बायांना सांगायचं, अंगण झाडून झालं की लावा. पुरुषांना सांगायचं, ओझं उतरवलं की लावा. म्हणजे आठवण करून द्यायला मी नको, त्यांचं काम त्यांना आठवण करून देईल. शेठ काडी चावायचे थांबले.

"आणि तिसरं?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं की तिसरं आहे.

"तीन बाजार पुडी फुकट वाटायची," मी म्हटलं. "आणि चौथ्या बाजाराला जायचंच नाही."

शेठनं माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "लेका, तू नापास कसा झाला?" खोटं कशाला बोलू, त्या थापेनं माझे डोळे भरून आले होते. घरी पाठीवर थाप बसली ती नेहमी दुसऱ्या कारणानं.

एटापल्लीत तीन बाजार मी पुड्या वाटल्या. लोकांनी लावून पाहिलं, काहींना घेरी आली, काही थुंकले, काही हसले. बऱ्याच जणांनी तिसऱ्या बाजारी न विचारता हात पुढं केला. चौथ्या बाजाराच्या दिवशी मी खोलीचं दार लावून आत बसलो. दुपारपासून बाईच्या अंगणात लोक यायला लागले. मंजनवाला कुठी गेला? मला आतून सगळं ऐकू येत होतं. बाईनं मला आत जाताना पाहिलं होतं, तरी ती म्हणाली, "गावाले गेला वाटते. पुढच्या बाजारी येईन." लोक गेल्यावर तिनं दार ढकललं.

"लोकं विचारून राह्यले आणि तू इथी लपून बसला. काऊन?"

मी तिला सगळी युक्ती समजावून सांगितली. मला कौतुकच हवं होतं. ती ऐकून हसली आधी. "मासळीले गळ टाकते तसं," म्हणाली. मग उंबऱ्यावर टेकली आणि हसू गेलं. "कोणाले वाट पाह्यले लावू नये बाबू. वाट पाह्यनारं माणूस वाळून जाते." मला वाटलं, मुलीची आठवण आली असेल. मी तो विषय तिथंच सोडला.

पाचव्या बाजारी मी नेहमीच्या जागी पोचलो तर तिथं आधीच माणसं उभी होती. मला बघून ती हलली, कोणीतरी माझी पिशवी खांद्यावरून उतरवून घेतली, कोणी बसायला पोतं अंथरलं. एक म्हातारा माझ्या हाताला धरून माडियात काहीतरी बोलला आणि खूप हसला. मला शब्द कळले नाहीत, पण तो मला भेटून खूश झाला आहे एवढं कळलं. त्या दिवशी पिशवी दुपारच्या आत रिकामी झाली. संध्याकाळी येताना रस्त्यानं चारपाच जणांनी मला हात केला. ज्या गावात कुत्रंही माझ्यावर भुंकायची तसदी घेत नव्हतं, तिथं लोक माझी वाट पाहत होते. मी आनंदानं अक्षरशः हवेत होतो. ते पुडीची वाट पाहत होते, माझी नाही, हा साधा फरक मला दिसला नाही. दिसत असूनही मी तो पाहिला नाही, असं म्हटलं पाहिजे. एकट्या माणसाला कोणी हात केला की तो कोणासाठी केला याची चौकशी तो करत नाही.

पुढं दीड वर्ष मी त्याच आनंदात काढलं. आसपासच्या सगळ्या बाजारांत हीच रीत लावली, आणि फुकट वाटणं संपल्यावरही दर चौथ्या बाजाराला दांडी मारायचो, म्हणजे ओढ टिकते. पौर्णिमेला घरी गेलो की विहारात पाचवं शील म्हणताना मनात हिशेब मांडायचो: हे शील दारूबद्दल आहे, मंजनाबद्दल नाही. शिवाय मी कुठं लावतो? वडील माझ्याकडे बघायचे आणि मी समोर बघायचो. दातांच्या मंजनाची नोकरी, पगार वेळेवर, मुलगा सुधारला असं त्यांना वाटत होतं. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

बाईनं त्या दीड वर्षात पुडीला हात लावला नाही. माझ्या पिशवीला ती कोळशाचं पोतंच म्हणायची. मला त्याचं बरं वाटायचं. गावात सगळे हसून बोलायचे पण त्यांची नजर माझ्या पिशवीवर असायची, हे हळूहळू मला टोचायला लागलं होतं. एकटी बाईच अशी होती, जिला माझ्याकडून काही नको होतं आणि तरी ती विचारायची, जेवला का.

मग त्या वर्षीच्या श्रावणात तिची दाढ दुखायला लागली. नदी पुलावरून वाहत होती, एसटी पाच दिवस बंद, दवाखान्यातले डॉक्टर पलीकडच्या तीराला अडकलेले. बाईचा गाल सुजून डोळा मिटला. लवंग धरून झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, कुठला तरी पाला वाटून लावला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती भिंतीला डोकं टेकवून बसली होती आणि तोंडातून आवाजही निघत नव्हता. तशी ती रडणाऱ्यांतली नव्हती, त्यामुळे तिला तसं बघणं मला फार जड गेलं. तिनंच हातानं खूण केली, पिशवीकडे.

"तुयं ते काळं दे न," ती म्हणाली. "बाया म्हणते, त्यानं ठणका जाते."

जाते हे मला माहीत होतं. हिरडी बधिर होते, म्हणून ठणका जातो. आणि पुढं काय होतं तेही त्या मुलखात माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत नव्हतं, कारण ते मीच घडवून आणत होतो. पण समोर सुजलेला गाल होता. मी पुडी फोडली आणि तिच्या तळहातावर चिमूट ठेवली. अर्ध्या तासात ती भिंतीशीच झोपली. तीन दिवसांत पहिल्यांदा झोपली. मी तिच्यावर चादर घातली आणि स्वयंपाकाला लागलो, पहिल्यांदाच मी तिच्यासाठी भात टाकला. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. मायेनं केलेली चूक चूक वाटत नाही.

नदी उतरल्यावर ती अहेरीला जाऊन दाढ काढून आली. दाढ गेली, पुडी राहिली. आधी "अजून जरा सलते" म्हणून, मग "अंगण झाडलं का लावते थोडं, बरं वाटते" म्हणून. अंगण झाडल्यावर लावायचं, हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं. ते गावातल्या बायांनी सांगितलं, आणि त्यांना मी. दिवाळीपर्यंत तिचे ते पांढरे दात मुळाशी काळे पडले. ऊस सोलणं तिनं सोडलं.

आणि एका संध्याकाळी मी कवाडातून आत आलो, तेव्हा चुलीपाशून हाक आली, "पुडी आणली का बाबू?"

मी पिशवी खाली ठेवली. वाटलं, आता पुढचं विचारेल. तिनं पुढचं विचारलं नाही. पुडी घेतली, लावली, थुंकली, मग जरा वेळानं भात वाढला. भात तोच, भाजी तीच. मी खाली मान घालून जेवलो. एवढ्याशा गोष्टीचं कोणाला काय सांगणार? कोणी म्हणालं असतं, बाबा, जेवायला तर मिळालं ना. पण दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. माझे ते तीन शब्द गेले. गावात शेकडो लोक माझ्या हाताकडे बघत होते, त्यांत एक बाई वाढली.

ते शब्द परत मिळवायचे म्हणून मी नाही नाही ते केलं. आधी आठवडाभर पुडी दिलीच नाही. बाईचा भात करपला, तिनं शेजारणीशी भांडण काढलं, दुपारी उंबऱ्यावर बसून हाताची बोटं एकमेकांत घासत राहिली. तिच्या हाताला काय हवं आहे ते मला दिसत होतं, आणि ते बघून मीच बाहेर निघून जायचो. मग मला अक्कल सुचली. तिच्याच मडक्यातली तुसाची राख घेतली, त्यात कापूर चुरला आणि आमच्या कागदात पुडी बांधून तिला दिली. मनात म्हटलं, जुन्या सवयीनं नवी सवय काढू. तिनं बोटावर घेतली, दातांना लावली आणि थांबली. माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"मले येडी समजते का?" ती म्हणाली. "मायीच राख मलेच बांधून देते?"

ती उठली, पदर सावरला आणि गावात कोणाकडे तरी पुडी मागायला गेली. माझ्या खोलीची मालकीण, माझ्याच मंजनासाठी, लोकांच्या दारी. पुढं ती माझ्याशी पोस्टमनशी वागायची तशी वागायला लागली. भात ठेवायची आणि पाठ फिरवायची.

मी चंद्रपूर गाठलं. शेठला म्हटलं, चौथा बाजार बंद करा. फुकट वाटणं बंद करा. डबी परत आणा, ती बरी होती. शेठ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आपण कोणाचा हात धरून तोंडात घालतो काय? लोक मागतात, आपण देतो. आणि आता बंद करून काय होईन? जिवतीच्या बाजारात तुझीच रीत चालू आहे. तिकडं सिरोंच्यालाही. सगळे तिला चौथा बाजारच म्हणतात." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. सिरोंच्याचं नाव ऐकून मला बाईची मुलगी आठवली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिच्या अंगणात कोणीतरी जाऊन, झाडून झालं का, असं विचारत असेल.

मी नोकरी सोडली. त्यात मोठेपणा काही नव्हता. चांगुलपणापेक्षा रागच जास्त होता, आणि राग होता तो माझे शब्द गेले याचा. सामान न्यायला एटापल्लीला गेलो, तेव्हा बाई मोहफुलं वेचायला रानात गेली होती. तिची वाट न बघता मी पेटी उचलली आणि एसटीत बसलो. ते भित्रेपणानं केलं, हे तेव्हाही मला कळत होतं.

नागभीडला भातगिरणीत काम मिळालं. भावांची लग्नं झाली होती, घर भरलेलं होतं, ताटाला ताट लागत होतं. आणि संध्याकाळी दारात शिरताना मी क्षणभर थांबायचो. कोणी काही विचारायचं नाही, कारण घरातल्या माणसाला काय विचारायचं? वहिनी ताट वाढायची, मी जेवायचो. पोट भरायचं. लोकांत बसूनही एटापल्लीच्या पहिल्या दोन महिन्यांसारखं वाटायचं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

वर्षभरानं न राहवून मी गेलो. मुद्दाम रिकाम्या हातानं गेलो, पिशवीसुद्धा घेतली नाही, तिला काही दुसरं वाटू नये म्हणून. पोचलो तेव्हा दुपार होती. बाई अंगणात धान पाखडत होती. वाळली होती. मला ओळखलं तशी सुपडं खाली ठेवलं आणि आधी माझ्या हातांकडे पाहिलं. उजव्या, मग डाव्या. मग तोंडाकडे.

"मी ते काम सोडलं बाई," मी म्हटलं.

"मालूम आहे," ती म्हणाली.

तिनं पायावर पाणी घातलं, चटई टाकली. मी बसलो आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. मी कशाची वाट पाहत होतो ते तिला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. तिनं चौकशी केली, वडील कसे, पाऊस कसा झाला. बोलता बोलता तिची बोटं पदराची गाठ सोडायला लागली. गाठीत पुडी होती. कागद नवा होता पण घडी माझीच, मीच शेडमधल्या बायांना ती घालायला शिकवली होती.

"आता नवा भाऊ येते," बाई म्हणाली. "तोही चौथ्या बाजारी येत नाई."

मी चटईवर जरा सरकून बसलो.

"तो काऊन येत नाई ते मले मालूम आहे. तूच तर सांगितलं होतं." ती जरा हसली. "तरी वाट पाह्यते मी. सकाळपासून कवाडाकडे पाहून राह्यते. मालूम असून काय होते बाबू?"

माफी मागावी असं माझ्या मनात आलं. तिला माझी माफी नकोच होती बहुतेक. तिनं तळहातावर चिमूटभर मंजन घेतलं, नेहमीसारखं स्वतःच्या तोंडाकडे नेलं आणि मध्येच थांबली. तिला एकदम रिवाज आठवला असावा. दारी पाहुणा आलेला आणि त्याला अजून काही दिलं नव्हतं. तिनं तो हात माझ्यापुढं केला.

"घे," ती म्हणाली. "थकून आला. थोडं लाव, बरं वाटते."

वडलांना दिलेला शब्द आठवला. शेठचा हलवाई आठवला. आणि सायकलवर बसून गेलेला पोस्टमन आठवला. त्या अंगणात नको म्हणायची सोय नव्हती, आणि ती जे देत होती ते तिच्यापाशी असलेल्यातलं सगळ्यात आवडीचं होतं. मी चिमूट उचलली आणि दातांना लावली.

आधी जळजळलं. मग कानशिलं तापली, अंगण हळूहळू फिरायला लागलं, कपाळाला घाम फुटला आणि एकामागून एक उचक्या सुरू झाल्या. बाई माझ्याकडे बघून खळखळून हसली. काळे दात, एक दाढ नाही, पण हसू जुनंच होतं, कोळसं विकाले आला का म्हणतानाचं. "इतके दिवस लोकाईले लावलं आणि तुले एक चिमूट झेपत नाई," असं म्हणत तिनं तांब्या दिला. मी चूळ भरली, तोंड धुतलं, डोकं धरून बसलो. ती उठून चुलीकडे गेली. तिथून, मागं वळून न बघता, तिनं विचारलं,

"जेवला का बाबू?"

"नाही बाई," मी म्हटलं.

तिनं भात वाढला, वर वरण घातलं. वाफ निघत होती. मी मोठा घास घेतला. तोंड बधिर झालं होतं, मला चव लागली नाही.